बिअरमध्ये केळं कुठून येतं?

बव्हेरियात केळी पिकत नाहीत. शिवाय १५१६ सालच्या तिथल्या प्रसिद्ध फर्मानाने बिअरमध्ये बार्ली, हॉप्स आणि पाणी यांखेरीज काहीही घालायला मनाई केली होती. (गव्हाच्या बिअरला पुढे राजघराण्याने सवलत दिली, ती मुख्यतः स्वतःची तिजोरी भरण्यासाठी.) तरीही तिथल्या गव्हाच्या बिअरचा, म्हणजे हेफेवायझेनचा, ग्लास नाकाजवळ नेला की पिकल्या केळ्याचा वास येतो आणि त्याच्या मागोमाग लवंगेचा. त्यात केळं नसतं, लवंग नसते आणि एसेन्सचा थेंबही नसतो. घरी बिअर बनवणारा नवखा माणूस तर याने पार चक्रावतो. साधी, हलकी बिअर करायला बसलेला असतो आणि पिंपाचं झाकण उघडल्यावर फळवाल्याच्या गाडीचा वास येतो.

हा प्रकार समजून घ्यायला म्युनिकपर्यंत जायला नको. त्याचा सख्खा भाऊ माहीमच्या माडांवर शेकडो वर्षं टांगलेला होता.

आज माहीममध्ये माड शोधावे लागतात. एकोणिसाव्या शतकापर्यंत मात्र दादरपासून माहीमच्या खाडीपर्यंतचा बराच पट्टा नारळाच्या वाड्यांनी भरलेला होता. इंग्रजी दफ्तरांत त्याला ‘माहीम वूड्स’ असंच म्हटलेलं आहे. या माडांवर चढण्याचं काम भंडाऱ्यांचं. नारळाची न उमललेली पोय बांधायची, रोज हलक्या हाताने ठोकून मऊ करायची, तिचं टोक कापायचं आणि खाली मडकं अडकवायचं. मडक्याला आतून चुना फासला असेल तर रस आंबत नाही आणि मिळते ती नीरा. चुना नसेल तर माडी. झाडावरून पडणाऱ्या या रसात साधारण १२ ते १५ टक्के साखर असते. बिअरसाठी मोड आणलेली बार्ली गरम पाण्यात भिजवून जो गोड काढा काढतात, ज्याला वर्ट म्हणतात, त्यातही साखरेचं प्रमाण जवळपास तेवढंच किंवा थोडं कमी असतं. म्हणून दिवसभर आंबलेल्या माडीचं आणि बाटलीतल्या साध्या बिअरचं बळही सारखंच, ४ ते ६ टक्के अल्कोहोल.

फरक एवढाच की माडीत यीस्ट कुणी घालत नाही. हवेतून, पोयीवरून, कालच्या मडक्याच्या भिंतीवरून आणि येणाऱ्या-जाणाऱ्या किड्यांच्या पायांवरून ते आपोआप येतं. पहाटे रस नुसता गोड लागतो. ऊन चढता चढता त्याला फेस येतो आणि सोबत एक फळासारखा वास, थोडा केळ्याचा, थोडा अतिपिकल्या अननसाचा. दुसऱ्या दिवशी तोच रस आंबट होतो आणि आणखी ठेवला तर शिरका. मधली ती फळाची वेळ हाच या लेखाचा विषय.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड सोडतं, एवढं शाळेत शिकवतात. पण नुसत्या साखरेवर कोणताही जीव वाढत नाही. नव्या पेशी घडवायच्या तर प्रथिनं लागतात आणि प्रथिनांसाठी नायट्रोजन. बार्लीच्या काढ्यात हा नायट्रोजन अमिनो आम्लांच्या रूपात असतो. ल्युसीन हे त्यांपैकी एक. शेंग सोलून दाणा घ्यावा आणि टरफल टाकावं, तसं यीस्ट ल्युसीनमधला नायट्रोजन काढून घेतं आणि उरलेल्या सांगाड्याचं आयसोअमिल अल्कोहोल करून टाकतं. ही वाट फेलिक्स एर्लिख या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १९०७ मध्ये उलगडून दाखवली आणि ती आजही त्याच्याच नावाने ओळखली जाते.

एर्लिखच्या वाटेवर मिळालेलं हे अल्कोहोल वासाला उग्र असतं. पण यीस्टच्या पेशीत ‘एटीएफ १’ नावाच्या जनुकापासून बनणारं एक विकर असतं. ते या अल्कोहोलला अ‍ॅसिटिल गट जोडतं आणि तयार होतं आयसोअमिल अ‍ॅसिटेट. पिकल्या केळ्याच्या वासातला मुख्य घटक हाच. केळं पिकताना त्याच्या गरातही ल्युसीनपासूनच, जवळपास याच पायऱ्यांनी तो बनतो. म्हणजे बिअरमधला केळ्याचा वास केळ्यासारखा ‘भासणारा’ वास नव्हे. रेणू तोच, अणू न् अणू तोच. मला या साऱ्या विषयात सर्वांत थक्क करणारी गोष्ट हीच वाटते. एक बुरशीच्या कुळातला एकपेशीय जीव आणि एक झाड, दोघं वेगवेगळ्या काळी एकाच सुगंधापाशी पोचले.

अल्कोहोल आणि आम्ल यांच्या जोडणीतून बनणाऱ्या अशा संयुगांना एस्टर म्हणतात आणि फळांच्या वासांचं अर्धं राज्य त्यांचंच आहे. इथाइल हेक्झानोएटला सफरचंद आणि बडीशेप यांच्यामधला वास येतो. इथाइल ब्युटिरेट अननसाच्या जवळ जातं. इथाइल अ‍ॅसिटेट थोडं असलं तर पिकल्या फळाचा आभास देतं आणि जास्त झालं तर नेलपॉलिश काढायच्या द्रवाचा. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात कृत्रिम फळ-अर्क मांडले होते, त्यांत नाशपतीच्या वासाचा अर्क केळ्याच्या या एस्टरच्याच जातकुळीचा होता. आपल्या घरातल्या कस्टर्डला आणि लहानपणच्या गोळ्यांना ‘बनाना’चा वास येतो तोही त्याच रेणूमुळे. आणि मधमाश्यांचं काय सांगावं! त्यांच्या नांगीजवळून धोक्याचा इशारा म्हणून जो वास सुटतो त्यात आयसोअमिल अ‍ॅसिटेट असतं, हे १९६२ मध्ये सिद्ध झालं. पोळ्याजवळ जाण्याआधी केळं खाऊ नका असं मधपाळ सांगतात ते उगीच नाही.

हा रेणू किती लागतो? माणसाच्या जिभेला आणि नाकाला बिअरमध्ये तो जाणवायला लिटरमागे सुमारे १.२ मिलिग्रॅम पुरतो. घरगुती वीस लिटरच्या पिंपाचा हिशेब केला तर साधारण एक थेंब. चांगल्या हेफेवायझेनमध्ये तो याच्या दुप्पट-तिप्पट सापडतो. लवंगेचा वास मात्र एस्टरचा नाही. धान्याच्या कोंड्यात फेरुलिक आम्ल असतं. काही विशिष्ट यीस्ट त्याचं ४-व्हिनाइल ग्वायकॉल करतात आणि तो लवंगेतल्या युजेनॉलचा जवळचा नातलग आहे.

आता प्रश्न असा, की यीस्टने हे करावंच का? त्याला ना केळं हवं, ना आपलं कौतुक. याचं एक सुंदर उत्तर बेल्जियममधल्या ल्यूव्हेनच्या प्रयोगशाळेतून २०१४ मध्ये आलं. तिथल्या संशोधकांनी यीस्टमधलं एटीएफ १ जनुक काढून टाकलं आणि फळांवर घोंघावणाऱ्या चिलटांसमोर दोन्ही प्रकारचं यीस्ट ठेवलं. जनुक असलेल्या यीस्टकडे चिलटं झेपावली, जनुक नसलेल्याकडे फारशी वळली नाहीत. यीस्टला पंख नाहीत, वाऱ्यावर उडणारे बीजाणूही नाहीत. एका फुटलेल्या फळावरून दुसऱ्यावर जायचं तर कुणाच्या तरी पायाला चिकटून जावं लागतं. फळाचा वास म्हणजे यीस्टने वाहनासाठी दिलेली हाक. माडीच्या मडक्यात बुडून मेलेली चिलटं आणि माश्या गाळून काढणाऱ्या भंडाऱ्याला हे कारण कुणी सांगितलं नसेल, पण परिणाम तो रोज पाहत होता.

मग सगळ्याच बिअरला केळ्याचा वास का येत नाही? कारण यीस्टचे वाण वेगळे आणि त्यांना मिळणारी वागणूकही वेगळी. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हान्सन याने १८८३ मध्ये यीस्टची एकच पेशी वेगळी करून तिच्यापासून शुद्ध वाण वाढवला. ८ ते १२ अंश सेल्सिअसच्या थंडीत सावकाश आंबणारी लागर बिअर तेव्हापासून खात्रीने जवळजवळ गंधहीन करता येऊ लागली. एल जातीची बिअर १८ ते २० अंशांत आंबते आणि तिच्यात फळाची झाक येते. तापमान आणखी वाढवलं की यीस्ट घाईने वाढतं, उग्र अल्कोहोलंही जास्त बनतात आणि एस्टरही.

माहीमची हवा इथे आडवी येते. उन्हाळ्यात घरातलं तापमान ३० च्या पुढे जातं. आंबताना पिंप स्वतःची उष्णताही निर्माण करतं, त्यामुळे आतला द्रव खोलीपेक्षा दोन-चार अंशांनी गरमच राहतो. पिंपाभोवती ओलं फडकं गुंडाळण्याचा जुना उपाय नागपूरच्या कोरड्या हवेत कामाला येईल. माहीमला समुद्र हाकेच्या अंतरावर, हवेतलं पाणी आधीच भरपूर, त्यामुळे फडकं वाळत नाही आणि पिंप थंड होत नाही. इथे बर्फाच्या बाटल्यांची परात किंवा तापमान राखणारा फ्रिज, हेच दोन मार्ग. त्यातही पहिले दोन-तीन दिवस सांभाळले तर बरंच साधतं, कारण एस्टरचा मोठा भाग यीस्ट जोमाने वाढत असतानाच घडतो. पुढे तापमान थोडं वाढलं तरी केळं वाढत नाही, उलट उरलीसुरली घाण यीस्ट साफ करतं.

उष्णता हे मोठं कारण, पण एकटं नाही. काढ्यात ऑक्सिजन कमी असला तर एस्टर वाढतात, कारण ऑक्सिजन आणि काही स्निग्ध आम्लं एटीएफ १ जनुकाला गप्प करतात. काढा फार गोड असला तरी वाढतात. माल्टोजऐवजी ग्लुकोज जास्त असेल, म्हणजे कुणी गूळ किंवा साखर ढकलली असेल, तरीही वाढतात. कार्बन डायऑक्साइडचा दाब मात्र त्यांना दाबतो. म्हणून उंचच उंच पोलादी टाक्यांतली बिअर साधी लागते, आणि बव्हेरियातले जुने कारागीर गव्हाची बिअर अजून उथळ, उघड्या हौदांत आंबवतात. यीस्ट कमी घातलं तर फळ वाढतं असा घरगुती बिअरवाल्यांचा ठाम समज आहे. तो इथाइल अ‍ॅसिटेटच्या बाबतीत बराच खरा ठरतो, केळ्याच्या बाबतीत वाणागणिक उत्तर बदलतं.

फळाचा सगळा वास यीस्टच्याच खात्यावर मांडणंही बरोबर नाही. हॉप्सच्या फुलांत जिरॅनिऑल आणि लिनालूल यांसारखी सुगंधी तेलं असतात. यीस्ट त्यांतल्या जिरॅनिऑलचं सिट्रोनेलॉल करतं आणि लिंबाची झाक वाढवतं. पण खरी कमाल गंधकयुक्त थायॉलांची. सिट्रा, मोझॅक, न्यूझीलंडचा नेल्सन सोव्हिन अशा हॉप्समध्ये ती कुलूपबंद रूपात असतात. यीस्ट ते कुलूप फोडतं आणि पेरूचा, पॅशनफ्रूटचा, चकोतऱ्याचा वास मोकळा होतो. यांतल्या काहींना लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरतात, म्हणजे केळ्याच्या रेणूच्या लाखाव्या भागाहूनही कमी. पावसाळ्यानंतरच्या पिकल्या पेरूचा वास कुणाला बिअरमध्ये आला तर त्याच्या नाकावर विश्वास ठेवावा.

याउलट खरं फळ घातल्यावर पुष्कळदा निराशा होते. २००९ साली पुण्यात डूलालीने महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी सुरू केली, पुढे लोअर परळच्या गिरण्यांच्या आवारांतही बिअर आंबू लागली, आणि आता दर उन्हाळ्यात आंब्याची बिअर पाट्यांवर झळकते. पण आंब्याची साखर यीस्ट फस्त करतं, आणि गोडवा गेला की आंबा ओळखू येत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी हापूसचा वास तपासला, तेव्हा त्यात टर्पीन, लॅक्टोन आणि फ्युरॅनोन यांचा मोठा वाटा दिसला. यांतले हलके घटक कार्बन डायऑक्साइडबरोबर उडून जातात. म्हणून जाणते लोक आमरस आंबणं संपता संपता घालतात. माझं मत विचाराल तर चांगल्या यीस्टने केलेलं केळं, वाईट वेळी घातलेल्या हापूसपेक्षा केव्हाही सरस.

सगळेच फळवास शुभ नसतात, हेही सांगायला हवं. कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास अ‍ॅसिटाल्डिहाइडचा असतो. तो बहुतेक वेळा बिअर घाईने काढल्याची खूण असतो, आणखी आठवडाभर यीस्टवर ठेवली की जातो. थिनरचा वास आला तर जंगली यीस्ट शिरलं किंवा उष्णता फार झाली, आणि त्याला औषध नाही.

माहीममध्ये हे ज्ञान पुस्तकांतून आलेलं नाही. सेंट मायकेल चर्चच्या परिसरातली ईस्ट इंडियन मंडळी मराठी बोलणारी, याच भूमीतली. ‘ईस्ट इंडियन’ हे नाव त्यांनी घेतलं आणि १८८७ मध्ये बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन केली. नाताळसाठी मनुका किंवा द्राक्षं, साखर, मूठभर गहू आणि यीस्ट बरणीत घालून वाइन मुरवण्याची रीत या समाजात जुनी आहे. नवी वाइन नाकाला झोंबते आणि काही महिने ठेवली की मऊ होते, कारण मुंबईच्या उकाड्यात बनलेली उग्र संयुगं हळूहळू बदलतात. त्यांचे फुगे, म्हणजे मैद्याचे ते गोलसर तळलेले गोळे, पूर्वी माडीनेच फुगवले जात. त्यामुळे पिठालाही एक फळासारखी झाक येई. (बिअरशी या समाजाचं आणखी एक नातं आहे. त्यांचा प्रसिद्ध बॉटल मसाला प्रकाशापासून जपण्यासाठी बिअरच्या गडद बाटल्यांत ठासून भरतात.)

कायद्याचं मात्र वेगळं. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने माडी काढणं आणि दारू गाळणं दोन्ही सरकारच्या मुठीत आलं. बरोबर शंभर वर्षांनी, १९७८ मध्ये, अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी घरी बिअर बनवण्याची मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. त्यामुळे न्यू जर्सीतलं मराठी जोडपं वर्षाला २०० गॅलन, म्हणजे साडेसातशे लिटरच्या आसपास बिअर घरी करू शकतं. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याविना घरात मद्य बनवणं हा गुन्हा आहे. हा कायदा आला तेव्हा फळाचा वास चोरवाटेने फिरला. हातभट्टीवाल्यांनी काळा गूळ आणि नवसागर वापरला. पुढे परवान्याची देशी दारू संत्रा, मोसंबी अशा वासांत आली. तो वास एसेन्सचा, यीस्टचा नव्हे, आणि वासावरून दारू सुरक्षित असल्याचं कधीच कळत नाही. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसं गेली. मिथेनॉलला स्वतःचा असा इशारा देणारा वास नसतो.

शेवटी नॉर्वेकडे वळायला हवं, कारण तिथे माहीमच्या कामाची गोष्ट सापडते. पश्चिम नॉर्वेच्या खेड्यांतली घरं पिढ्यान्‌पिढ्या स्वतःचं यीस्ट, क्वाइक, लाकडी कड्यांवर किंवा कापडावर वाळवून जपत आली. एवढ्या थंड देशातलं हे यीस्ट ३० ते ४० अंशांत मजेत आंबतं, उग्र अल्कोहोल फारसं करत नाही आणि काही वाणांना संत्र्याचा स्वच्छ वास येतो. २०१८ मध्ये त्यांचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध झाला आणि आज जगभरचे उष्ण प्रदेशातले बिअरवाले ते मागवतात.

आपल्या किनाऱ्यावर तर उष्णतेत वाढलेलं, केळ्याचा-अननसाचा वास देणारं यीस्ट माडाच्या मडक्यात आयतं आहे. माहीममधून माडी काढणारे केव्हाच गेले. पालघर, रायगड, सिंधुदुर्ग आणि गोव्यात ते अजून आहेत, पण झाडावर चढणारे हात दर वर्षी कमी होत आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी आणि भंडारी समाजाच्या संस्थांनी मिळून गावोगावच्या मडक्यांतलं यीस्ट, गाव, झाड आणि काढणाऱ्याची पद्धत यांच्या नोंदीसह तिथे पोचवावं. काम एका उन्हाळ्याचं आहे आणि त्याला लागणारी सामग्री कोणत्याही चांगल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळते.